सात जणांची कार्यकारिणी : सोलमधलं एक जेवण, १७ एप्रिल १९२५

नदीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबला तर चहा घेऊन बसा.

शुक्रवार, १७ एप्रिल १९२५. दुपारी एकचा सुमार. जपानी अमलाखालच्या क्योंगसॉंगमध्ये, म्हणजे आजच्या सोलमध्ये, 'आसॉवन' नावाच्या चिनी हॉटेलात दीड-दोन डझन माणसं एकेक करून आत शिरली. बघणाऱ्याला वाटावं, मित्रमंडळी जेवायला जमली आहेत. ताटं उठेपर्यंत कोरियाच्या भूमीवर कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला होता आणि त्याची सात जणांची केंद्रीय कार्यकारिणीही ठरली होती.

दिवस मोठ्या हुशारीने निवडला होता. त्याच आठवड्यात, १५ ते १७ एप्रिल, शहरात अखिल कोरियन पत्रकार परिषद चालू होती. २० तारखेला जनचळवळींचा मेळावा भरणार होता (तो पोलिसांनी भरू दिला नाही, ते सोडा). गावोगावचे कार्यकर्ते आणि वार्ताहर आधीच शहरात उतरलेले. परक्या माणसाकडे कोण बघणार? पोलिसांचं सगळं लक्ष परिषदेवर, आणि परिषदेतलीच काही माणसं इकडे जेवायला.

निवडणूक कशी झाली, ते मला फार आवडलं. मतदान नाही, भाषणबाजी नाही. जमलेल्यांनी आपल्यातले तिघे निवडले: किम छान, जो दोंग-हो, जो बोंग-आम. या तिघांनी यादी करायची. त्यांनी केंद्रीय कार्यकारिणीवर सात नावं घातली: किम जे-बोंग, किम याक-सू, यू जिन-ही, जॉंग उन-हे, जू जोंग-गॉन, जो दोंग-हो आणि किम छान. शिवाय तिघांची तपासणी समिती. किम जे-बोंग जबाबदार सचिव, संघटन जो दोंग-होकडे, प्रचार किम छानकडे. 'अध्यक्ष' नाहीच. 'जबाबदार सचिव' हे पद मला बरं वाटतं, पकडला गेलास तर जबाबदार तूच, असं नावातच लिहून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, पाक हॉन-यंगच्या घरी युवक संघटना स्थापन झाली. हा पाक पुढे फार मोठा होतो. पण पहिल्या सातांत तो नव्हता हे लक्षात ठेवा, कारण लोक सर्रास त्यालाच संस्थापक सरचिटणीस करून टाकतात.

आता गट. कोरियन कम्युनिस्टांचा इतिहास वाचायचा म्हणजे आधी गटांची वंशावळ पाठ करावी लागते. आसॉवनमध्ये जमले ते मुख्यतः 'मंगळवार मंडळ' (ह्वायोहे) आणि 'उत्तरवारा मंडळ' (बुकपुंगहे) यांचे लोक. मंगळवार का? तर मार्क्सचा जन्म मंगळवारचा, ५ मे १८१८! मंगळवारवाल्यांनी पक्ष काढला शुक्रवारी, ही आपली माझी पदरची नोंद. किम याक-सू आणि जॉंग उन-हे हे उत्तरवारावाले. सोल गट नावाचा तिसरा तगडा गट मात्र पंगतीला नव्हता, आणि हे न बोलावणं पक्षाला पुढे बरंच महागात पडलं.

याच्या आधीही पक्ष होते, पण देशाबाहेर. १९२१ मध्ये इर्कुत्स्कला एक कोर्यो कम्युनिस्ट पार्टी आणि शांघायला दुसरी, नाव तेच! दोघी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. १९२२ च्या शेवटी कॉमिन्टर्नने, म्हणजे मॉस्कोतल्या कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, दोन्ही मोडीत काढल्या आणि व्लादिवोस्तोकला 'कोरब्युरो' नावाचं कार्यालय थाटलं. म्हणून १९२५ ची ही सात नावं महत्त्वाची. देशात राहून, पोलिसांच्या नाकाखाली बसून काम करणारी ही पहिली कार्यकारिणी.

पुढचं थोडक्यात. ही कार्यकारिणी सात महिने टिकली. मग दुसरी, तिसरी, चौथी. साडेतीन वर्षांत चार वेळा पोलिसांनी पक्ष मुळापासून उपटला. डिसेंबर १९२८ मध्ये मॉस्कोने सांगितलं की असा पक्ष आम्ही मानत नाही, मजुरांत जा आणि नव्याने बांधा. अभ्यासकांचा निकाल ठरलेला: गटबाज, शहरी, अपयशी.

मी आयुष्यभर बँक कर्मचारी संघटनेत इतिवृत्तं लिहिली. कार्यकारिणीची यादी वाचताना माझा डोळा नावांवर कमी आणि 'यांच्या अनुपस्थितीत कोण' या ओळीवर जास्त जातो. त्या नजरेने बघितलं तर या माणसांनी एक गोष्ट अशी केली की मी थक्क झालो. अटक दारात आली असताना त्यांनी पळायच्या आधी उत्तराधिकारी नेमले, आणि तेही पुन्हा पुन्हा. त्याबद्दलच बोलायचंय. आधी तुमचं येऊ द्या.

---

चिंचगुळ

वाचतेय. हॉटेलात पक्ष काढायची कल्पना भारी. बिल कोणी दिलं?

---

अर्धा_चहा

चिंचगुळ, तपासणी समितीने.

---

सुवोनकर

नदीकाठ काका, धागा एकदम घरचा निघाला! मी गेली सहा वर्षं सुवोनला आहे. आसॉवनची जागा म्हणजे आता सोलच्या मधोमध लोट्टे हॉटेल उभं आहे, तिथे. मी त्याच्या तळघरातल्या दुकानांत आईसाठी जिनसेंग घ्यायला कितीदा गेलोय. कम्युनिस्ट पक्षाच्या जन्मस्थानी पंचतारांकित हॉटेल, यावर वेगळं काही बोलायला नको.

उच्चारांबद्दल थोडंसं. तुम्ही 'हॉन', 'आसॉवन' लिहिलंय ते ठीक. कोरियनमधला तो स्वर आपल्या 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधला आहे. इंग्रजीवाले त्याला दोन अक्षरं लावून सगळा घोळ करतात आणि आपले लोक 'सेऊल' म्हणत बसतात.

---

नदीकाठ

धन्यवाद सुवोनकर. मी उच्चार तुमच्याच जुन्या धाग्यावरून उचललेत, चुकले तर जबाबदार सचिव तुम्ही.

---

वामकुक्षी

लेख छान आहे, पण तुम्ही या लोकांना जरा जास्तच डोक्यावर घेताय असं वाटतं. सातांतले आणि त्यांच्या अवतीभवतीचे बहुतेक वर्तमानपत्रवाले. तोंगा इल्बो, जोसॉन इल्बो. पाक हॉन-यंग, किम दान-या, इम वॉन-गुन हे युवक संघटनेतलं त्रिकूटही पत्रकारांचंच. शेतकरी कुठे? मजूर कुठे? देश शेतकऱ्यांचा आणि कार्यकारिणी संपादकीय खात्याची. कॉमिन्टर्नने डिसेंबर ठरावात हेच तर म्हटलं, पक्ष बुद्धिजीवी आणि विद्यार्थ्यांचा आहे, गटबाजीत अडकलाय. त्यांनी चुकीचं काय सांगितलं?

आणि उत्तराधिकारी नेमण्याचं कौतुक करताय, पण मुळात पकडले गेले कशामुळे ते पण सांगा की.

---

नदीकाठ

वामकुक्षी, तोच तर मासला आहे. सांगतो.

२२ नोव्हेंबर १९२५, रात्र. गाव शिनुइजू, चीनच्या सीमेवर, यालू नदीकाठी. एका खानावळीत युवक मंडळाची पोरं बसली होती. त्याच ठिकाणी एक कोरियन वकील आणि एक जपानी पोलीसही आपल्या मंडळींबरोबर होते. शब्दाला शब्द लागला, पोरांनी वकिलाला आणि पोलिसाला चोप दिला. एवढंच! राजकारण शून्य.

पण पोलीस मार खाऊन गप्प बसतो होय? घरझडत्या झाल्या. एका घरात कागद सापडले. पाक हॉन-यंगने शांघायला पोचवण्यासाठी पाठवलेले युवक संघटनेचे अहवाल. तो शिनुइजूचा मार्ग म्हणजे पक्षाची टपालवाट होती. धागा ओढत ओढत पोलीस थेट सोलला. पाक आणि त्याची बायको जू से-जुक आठवडाभरात आत.

आणि कायदा तयारच होता. 'शांतता रक्षण कायदा' जपानने त्याच एप्रिलमध्ये जाहीर केला, म्हणजे आसॉवनच्या जेवणानंतर पाचच दिवसांनी, आणि १२ मेपासून तो कोरियातही लागू झाला.

आता माझा मुद्दा. किम जे-बोंग लगेच सापडला नाही, डिसेंबरपर्यंत शहरातच लपून होता. त्या दिवसांत त्याने आणि उरलेल्या सहकाऱ्यांनी दुसरी कार्यकारिणी ठरवली. जबाबदार सचिव म्हणून नेमला कांग ताल-यंग. हा जोसॉन इल्बोच्या जिंजू शाखेचा प्रमुख. जिंजू कुठे, सोल कुठे! मला वाटतं हीच निवडीची खुबी होती. राजधानीतला प्रत्येक नावाजलेला चेहरा पोलिसांच्या वहीत होता, जिंजूचा माणूस नव्हता. बरोबर ई जुन-थे, किम छॉल-सू, होंग नाम-प्यो वगैरे. युवक संघटना क्वॉन ओ-सॉलकडे. मग डिसेंबरात किम जे-बोंग सापडला, पण तोवर त्याच्याकडे द्यायचं काही उरलंच नव्हतं.

मी संघटनेत तीस वर्षं काढली. आमच्याकडे सरचिटणीस पायाला प्लॅस्टर घालून घरी बसला तर सहा आठवडे कपाटाची किल्ली सापडत नसे.

---

चिंचगुळ

काका, शेवटचं वाक्य आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का? अगदी चपखल आहे.

---

सुवोनकर

क्वॉन ओ-सॉलचं नाव निघालंय तर मला लिहायलाच हवं. गेल्या वर्षी शरद ऋतूत आंदोंगला गेलो होतो. मुखवट्यांचा नाच आणि जुनी हवेली-गावं बघायला सगळे हाहोए गावी जातात, आम्हीही गेलो. बरोबरचे कोरियन सहकारी त्याच भागातले. ते म्हणाले, चल तुला पाहुण्यांना दाखवत नाहीत ते दाखवतो, आणि गाइल नावाच्या गावात घेऊन गेले.

क्वॉन तिथला. जुन्या यांगबान, म्हणजे उमराव, घराण्यांचं गाव, आपल्याकडच्या वतनदारी वाड्यांसारखे कौलारू वाडे, समोर तळं. आणि या गावातून निघाला कम्युनिस्ट युवक संघटनेचा सचिव. किम जे-बोंगसुद्धा आंदोंगचाच, ओमी नावाच्या गावचा. ई जुन-थेपण आंदोंगचा. म्हणजे कन्फ्युशियन पंडितांच्या बालेकिल्ल्यातूनच पहिल्या दोन कार्यकारिणींचा कणा आला. वामकुक्षी म्हणतात ते खरं, मजूर नव्हते. पण नुसते शहरी पत्रकारही नव्हते ते.

२६ एप्रिल १९२६ च्या पेपरात बातमी, शेवटचा सम्राट सुनजोंग वारला. अंत्ययात्रा १० जूनला ठरली. १९१९ चं स्वातंत्र्याचं आंदोलनही असंच राजाच्या अंत्यविधीच्या वेळी उसळलं होतं, हे सगळ्यांनाच आठवत होतं, पोलिसांनाही. क्वॉनने पत्रकं छापून घेतली, छॉन्दोग्यो या कोरियन धर्मपंथाच्या लोकांची मदत घेतली. आणि घात कुठे झाला माहितीये? पोलीस शोधत होते बनावट चिनी नोटा छापणाऱ्यांना! त्या तपासात एक पत्रक हाती लागलं. ७ जूनला क्वॉन पकडला गेला. १० जूनला विद्यार्थ्यांनी तरीही अंत्ययात्रेच्या वाटेवर घोषणा दिल्याच.

क्वॉन तुरुंगातच मेला. तारीख बघा: १७ एप्रिल १९३०. आसॉवनच्या जेवणाला बरोबर पाच वर्षं.

पोलिसांनी मृतदेह लोखंडी शवपेटीत बंद करून गावी पाठवला. छळाच्या खुणा कोणी बघू नयेत म्हणून उघडायला बंदी होती, असं गावात सांगतात. लोकांना ती दंतकथाच वाटायची. २००८ मध्ये घरच्यांनी त्याची कबर बायकोच्या कबरीशी एकत्र करायला खणली, तेव्हा मातीतून गंजलेली लोखंडी पेटी खरंच निघाली. माझा सहकारी म्हणाला, माझ्या आजोबांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही पोरं हसायचो.

---

पारावरचा_म्हातारा

सुवोनकर, एक दुरुस्ती आणि एक भर.

दुरुस्ती: सुनजोंग वारला २५ एप्रिलला. तुम्ही पेपरची तारीख लिहिलीय म्हणून चालेल, पण वाचणारा गोंधळेल.

भर: खटल्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. पहिल्या आणि दुसऱ्या कार्यकारिणीचे मिळून एकशे एक आरोपी. म्हणून तिथे त्याला '१०१ जणांचा खटला'च म्हणतात. १३ सप्टेंबर १९२७ ला सोलमध्ये सुरू झाला. वकील फुकट उभे राहिले, किम ब्यॉंग-रो, ई इन, हॉ हॉन यांच्यासारखे नामांकित कोरियन वकील, आणि जपानहून फुसे तात्सुजी, फुरुया सादाओ. जपानी वकील जपानी सरकारविरुद्ध कोरियन कम्युनिस्टांची बाजू मांडायला समुद्र ओलांडून येतात, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. आरोपींनी तुरुंगातूनच छळ करणाऱ्या पोलिसांवर उलट तक्रार गुदरली. त्यात क्वॉन ओ-सॉल होता, कांग ताल-यंग होता. निष्पन्न काही झालं नाही, ते होणारही नव्हतं.

निकाल फेब्रुवारी १९२८ मध्ये. किम जे-बोंग सहा वर्षं, कांग सहा वर्षं. तुमचा तो जिंजूचा कांग, नदीकाठ, तुरुंगात त्याचं डोकं फिरलं, आणि पुन्हा कधी ताळ्यावर आलं नाही.

पाक हॉन-यंगचंही डोकं फिरलं होतं, पण त्याचं सोंग होतं असं बहुतेक मानतात. खटला चालू असताना तो इतका विचित्र वागायला लागला की नोव्हेंबर १९२७ मध्ये त्याला जामिनावर सोडलं. पुढच्या वर्षी तो आणि दिवस भरत आलेली जू से-जुक सीमा ओलांडून रशियात! मुलगी जन्मली, तिचं नाव विवियाना. ती मोठी होऊन मॉस्कोत नर्तकी झाली.

---

वामकुक्षी

मुद्दा अजूनही तिथेच आहे. धैर्य होतं, मान्य. छळ सोसला, मान्य. पण पक्ष म्हणून काय उभं केलं? तिसरी कार्यकारिणी घ्या. किम छॉल-सू, मग आन ग्वांग-छॉन, मग किम जुन-यॉन, मग किम से-यॉन. सव्वा वर्षात चार सचिव. याला उत्तराधिकाराची परंपरा म्हणायचं की संगीतखुर्ची?

---

नदीकाठ

दोन्ही. खुर्चीवर बसलेल्याला दर वेळी पोलीस उचलत नव्हते, काही वेळा गटही उचलत होते, हे खरं. पण त्याच तिसऱ्या काळात, म्हणजे एम-एल (मार्क्सवादी-लेनिनवादी) गटाच्या हातात पक्ष असताना, फेब्रुवारी १९२७ मध्ये शिनगानहे उभी राहिली. राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट एका छत्राखाली, कायदेशीर संघटना, पुढे देशभर शाखा. ते एकट्या पक्षाचं काम नव्हे, पण पक्षाशिवाय झालंही नसतं. आन ग्वांग-छॉन, जो या ऐक्याच्या बाजूने सगळ्यात जोरात लिहीत होता, तो शिकलेला डॉक्टर.

आणि मजुरांचं म्हणता तर चौथ्या कार्यकारिणीकडे बघा ना. फेब्रुवारी १९२८ मध्ये एम-एल मंडळींची धरपकड झाली आणि पुढच्या महिन्यात जबाबदार सचिव झाला छा गुम-बोंग. हा कोण? योंगसानच्या रेल्वेतला कामगार. १९१९ च्या आंदोलनात कामगारांना रस्त्यावर आणणारा. त्यानंतर कामगार संघटनांतच वाढलेला, पत्रकार नाही, जपान रिटर्न नाही. जुलैत तो पकडला गेला, १९२९ मध्ये कैदेत मेला. वय तिशीच्या आसपास.

१० डिसेंबर १९२८ च्या ठरावात मॉस्को म्हणतं, मजुरांत जा. ते लिहिलं जात असताना त्या पक्षाचा शेवटचा सचिव, रेल्वेचा मजूर, पोलिसांच्या ताब्यात मार खात होता. डिसेंबर ठराव मीही वाचलाय, त्यातलं जमिनीबद्दलचं विश्लेषण चांगलं आहे. पण ही एक गोष्ट मला गिळवत नाही.

---

वामकुक्षी

छा गुम-बोंगबद्दल माहीत नव्हतं. हा मुद्दा घेतो. गटबाजीचा सोडत नाही.

---

अर्धा_चहा

१९२५ म्हटल्यावर आपलं कानपूर आठवलं. भारतीय कम्युनिस्टांची पहिली परिषद डिसेंबर १९२५, म्हणजे आसॉवननंतर आठ महिन्यांनी. तुलना होईल का?

---

पारावरचा_म्हातारा

होईल, पण विरोधाची. कानपूरला उघड मांडव होता. हसरत मोहानी स्वागताध्यक्ष, सिंगारवेलू अध्यक्ष, आणि सहसचिव म्हणून आपल्या मुंबईत काम करणारे घाटे. डांगे तेव्हा आधीच्या कानपूर खटल्यात तुरुंगात. म्हणजे इंग्रज पुढाऱ्याला आत टाकत होते, पण परिषदेला मांडव घालू देत होते. सोलमध्ये मांडव सोडा, जेवणाचं निमित्त करावं लागलं. १९२९ मध्ये मेरठचा कट खटला झाला तेव्हा डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी सगळे पिंजऱ्यात. पण ते जगले. त्यांनी न्यायालयात लांबलचक निवेदनं दिली, आणि ती छापली गेली. इकडे एकशे एक जणांतले काही निकाल ऐकायलाही उरले नव्हते. वसाहतवाद वाईटच, पण त्यातही घराघरांत फरक असतो.

तुलना इथेच थांबवतो, नाहीतर धागा मुंबईच्या गिरणगावात जाईल आणि परत येणार नाही.

---

चिंचगुळ

मला एक कळत नाहीये. हे सगळे इतके मोठे लोक, तर मग उत्तर कोरियात यांचे पुतळे असतील ना? तिथे तर कम्युनिस्टांचंच राज्य.

---

सुवोनकर

चिंचगुळ ताई, नाही ना! उत्तरेच्या अधिकृत इतिहासात हा पक्ष म्हणजे गटबाजांचा खेळ. तिथे पक्षाचं मूळ सांगतात १९२६ च्या 'साम्राज्यवाद पाडा संघटने'त, जी किम इल-सुंगने वयाच्या चौदाव्या वर्षी काढली म्हणे. आणि दक्षिणेत १९४८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, तो बऱ्याच अंशी त्याच जपानी शांतता रक्षण कायद्याच्या साच्यातला. म्हणजे उत्तरेत बिनकामाचे आणि दक्षिणेत गुन्हेगार.

दक्षिणेत वारं बदललं ते अलीकडे. २००५ मध्ये किम जे-बोंग, क्वॉन ओ-सॉल, किम छॉल-सू अशा बऱ्याच जणांना सरकारने स्वातंत्र्यसैनिक म्हणून पदकं दिली. मरणोत्तर अर्थातच.

---

नदीकाठ

सुवोनकरांनी विषय काढलाच आहे तर आसॉवनच्या पंगतीतल्यांचं पुढे काय झालं ते सांगतो. मुळात धागा काढायचं कारण हेच होतं.

किम याक-सू. खरं नाव किम दु-जॉन. तरुणपणी तीन मित्रांनी टोपणनावं घेतली: याक-सान म्हणजे डोंगरासारखा, याक-सू म्हणजे पाण्यासारखा, यॉ-सॉंग म्हणजे ताऱ्यासारखा. डोंगर म्हणजे किम वॉन-बोंग, तो बॉम्बवाला क्रांतिकारक. पाणी हे आपले. १९२५ च्या केंद्रीय कार्यकारिणीचा हा सदस्य १९४८ मध्ये दक्षिण कोरियाच्या पहिल्या संसदेचा उपसभापती झाला! १९४९ मध्ये कम्युनिस्टांशी संधान म्हणून अटक. १९५० मध्ये उत्तरेच्या फौजांनी सोल घेतलं, तुरुंग उघडले, हा उत्तरेला गेला. तिथेही काही वर्षांनी त्याच्यावर गदा आली. पाण्यासारखा वाहिला खरा, पण दोन्हीकडे बांध.

किम जुन-यॉन, तिसऱ्या काळातला जबाबदार सचिव, टोकियो आणि बर्लिनला शिकलेला. सात वर्षं तुरुंग. बाहेर आला, तोंगा इल्बोचा मुख्य लेखक झाला, आणि १९५० मध्ये दक्षिण कोरियाचा न्यायमंत्री! कट्टर कम्युनिस्टविरोधी. ज्या खात्याने जुन्या सहकाऱ्यांना आत टाकायचं त्या खात्याचा मंत्री. कादंबरीत लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा जास्त होतंय.

जो बोंग-आम. आसॉवनमध्ये यादी करणाऱ्या तिघांतला. तो १९४८ मध्ये दक्षिणेचा पहिला कृषिमंत्री झाला, जमीन सुधारणेचा पाया त्याच्या काळातला. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि एकवीस लाखांच्या वर मतं घेतली. राष्ट्राध्यक्ष सिंगमन री हादरला. हेरगिरीच्या आरोपाखाली ३१ जुलै १९५९ ला फाशी. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं.

पाक हॉन-यंग. जपानी हरले तेव्हा हा ग्वांगजूच्या वीटभट्टीवर मजूर म्हणून दडून होता. सप्टेंबर १९४५ मध्ये पक्ष पुन्हा उभा केला, यावेळी प्रमुख तोच. ऑक्टोबर १९४६ मध्ये उत्तरेला गेला, उपपंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री झाला. डिसेंबर १९५५ मध्ये त्याच्यावर खटला झाला, आरोप अमेरिकेचा हेर, शिक्षा मृत्युदंड.

एकाला दक्षिणेने उत्तरेचा हेर म्हणून मारलं, दुसऱ्याला उत्तरेने अमेरिकेचा हेर म्हणून. निदान कोणाला काही महिने आणि कोणाला सहा वर्षं, असा फरक तरी जपान्यांना करावासा वाटत होता.

---

पारावरचा_म्हातारा

नदीकाठ, शेवटचं वाक्य मागे घ्या. क्वॉन ओ-सॉलच्या पेटीबद्दल वर वाचून आलोय.

---

नदीकाठ

बरोबर आहे. मागे घेतो. ओघात लिहिलं गेलं.

---

वामकुक्षी

मी काल रात्री बसून अजून थोडं वाचलं. किम छॉल-सू, दुसऱ्या कार्यकारिणीतला आणि पुढे सचिव झालेला. तो मात्र मोठ्या राजकारणातून १९४७ च्या सुमारास बाहेर पडला आणि जॉल्लामधल्या बुआन या आपल्या गावी परतला. १९८६ पर्यंत जगला. विचार करा, ज्याने १९२६ मध्ये मॉस्कोच्या दारात पक्षाचे कागद नेले, तो माणूस ऑलिंपिकची तयारी चाललेल्या सोलच्या काळात गावाकडे फुलझाडं लावत बसला होता. शेवटच्या दिवसांत एका छोट्याशा मातीच्या घरात राहायचा. घराचं नाव स्वतःच ठेवलं होतं, 'इआनशिल'. सुवोनकर, याचा अर्थ काय?

---

सुवोनकर

सहकाऱ्याला विचारलं. म्हणाला, सहज समाधान मानता येईल अशी खोली. गुडघा टेकवायला जागा मिळाली की पुरे, असा त्या चिनी ओळीचा सूर आहे म्हणे.

डिसेंबरात बुआनकडे जाणं आहे. घर अजून उभं असेल तर फोटो टाकतो.

---

चिंचगुळ

टाकाच. आणि त्या लोट्टेच्या तळघरातल्या जिनसेंगची किंमत पण सांगा.